सोसायटीच्या योगवर्गासाठी शिक्षक कसे निवडावेत?

मुलुंडपूर्व
आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पुढच्या १ तारखेपासून योगवर्ग सुरू करायचं ठरलं आहे. आतापर्यंत २६ नावं आली, वयं ३१ ते ७४. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे सात, मधुमेहाचे पाच (त्यातले एक इन्सुलिनवर), एका काकांना काचबिंदू, एका काकूंचे दोन्ही गुडघे बदललेले, दोघींना हाडं ठिसूळ असल्याचं निदान. बाकीचे नोकरदार.
तीन शिक्षकांशी बोलणं झालं आहे. एक तरुण मुलगी, २०० तासांचा कोर्स केलेली. एक गृहस्थ, पंधरा वर्षं शिकवतात पण प्रमाणपत्र नाही. तिसऱ्यांच्या पत्रकावर 'सहा महिन्यांत बीपी-शुगरच्या गोळ्या बंद' असं छापलेलं आहे. कमिटीत तीन तट पडले आहेत. प्रमाणपत्राला किती वजन द्यायचं, मुलाखतीत काय विचारायचं आणि डेमो क्लासमध्ये नेमकं काय बघायचं, हे जाणकारांनी सांगावं.

दोरखंड
तिसऱ्यांना आजच नकार कळवा. गोळ्यांचा डोस कमी करायचा की नाही, हे डॉक्टर मोजमाप बघून ठरवतात. वर्गात कुणी शिक्षकांच्या शब्दावर गोळी सोडली आणि रक्तदाब एकदम वर गेला, तर ते निस्तरायला शिक्षक येणार नाहीत. नियमित सरावाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, झोप सुधारते. तेवढंच सांगणारा माणूस खरं बोलतो आहे.

चाफेकळी
प्रमाणपत्रांबद्दल आधी लिहिते, कारण घोळ तिथेच होतो.

'२०० तास' या शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे योगा अलायन्स. ही अमेरिकेतली संस्था शाळांची आणि शिक्षकांची नोंदवही ठेवते. नोंद झालेल्या शाळेतून २०० तास पूर्ण केले की शिक्षकाचंही नाव नोंदवता येतं. म्हणजे शिकवणं किती चांगलं झालं, हे सगळं त्या शाळेवर अवलंबून. दुसरं म्हणजे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं योग सर्टिफिकेशन बोर्ड. तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही परीक्षा होते. पायऱ्या अशा: योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर (२०० तासांचा अभ्यासक्रम), योग वेलनेस इन्स्ट्रक्टर (४००), योग टीचर अँड इव्हॅल्युएटर (८००), योग मास्टर (१६००). चिकित्सेसाठी, म्हणजे थेरपीसाठी, वेगळी शाखा आहे. पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र दाखवून कुणी 'मी थेरपिस्ट' म्हणत असेल तर ते चुकीचं आहे.

आता साधा हिशोब करा. २०० तास एका महिन्यात बसवले आणि रविवार सोडले, तर रोजचे जवळपास आठ तास होतात. त्यात शरीररचना, तत्त्वज्ञान, स्वतःचा सराव आणि शिकवण्याचा सराव, सगळं आलं. इतक्या वेळात माणूस निरोगी तरुणांचा वर्ग घेण्याइतका तयार होऊ शकतो. तुमच्या यादीतली निम्मी माणसं त्यात बसत नाहीत. म्हणून त्या मुलीला विचारा: कोर्स सलग महिनाभराचा होता की सहा-आठ महिन्यांचा? त्यात प्रत्यक्ष माणसांना शिकवण्याचे तास किती होते? त्यानंतर कुणा ज्येष्ठ शिक्षकाच्या वर्गात मदतनीस म्हणून किती काळ उभ्या राहिलात? तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं.

मुंबईत आणि आसपास जुनी घराणी आहेत, त्यांची नावं अर्जात दिसतील. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ ची, योगेंद्रजींची. तिथली पद्धत संसारी माणसाला झेपेल अशी, सोपी आसनं श्वासाला जोडून. कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला काढलं, मरीन ड्राइव्हला त्यांचं केंद्र आहे. तिथे आसनात सावकाश जाऊन स्थिर थांबण्यावर भर. अय्यंगार पद्धतीचं केंद्र लोअर परळला आहे; तिथे ठेवण काटेकोर आणि खुर्ची, पट्टा, ठोकळे, घोंगड्या यांचा भरपूर वापर. तुम्हाला ठाणं जवळ आहे, तिथे घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर दोन्ही जुने. अशा ठिकाणी फोन करून 'मुलुंडला शिकवणारं कुणी आहे का' एवढं विचारलं तरी चौथा-पाचवा उमेदवार मिळेल. तिघांतच अडकू नका.

हार्बर_लाइन
चाफेकळी, सहमत. फक्त पंधरा वर्षांच्या अनुभवाला मी कमी लेखणार नाही. सकाळी सहाच्या वर्गाला पंधरा वर्षं माणसं येत राहतात, याला काहीतरी कारण असतंच.

चाफेकळी
कारण असतं, पण ते कोणतं ते तपासावं लागतं. स्वभाव गोड, आवाज खणखणीत, फी कमी, हीसुद्धा कारणं असू शकतात. त्या गृहस्थांकडून दोन जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर घ्या, शक्यतो साठीच्या पुढचे. त्यांना 'सर कसे आहेत' असं विचारू नका, 'छान आहेत' हेच उत्तर मिळेल. 'तुम्हाला कोणतं आसन करू देत नाहीत आणि का?' असं विचारा. विद्यार्थ्याला याचं उत्तर देता आलं, तर शिक्षक प्रत्येकाकडे लक्ष देतात असं समजा.
आणि बोर्डाच्या सुरुवातीच्या पायऱ्यांसाठी कोर्स केलेलाच हवा असं नाही, अनुभवी माणूस थेट परीक्षेला बसू शकतो. ते उत्तम असतील तर त्यांना रुजू करून घ्या आणि वर्षभरात परीक्षा द्यायला सांगा.

सरळकणा
फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. मुलाखतीत तुमच्याच यादीतली माणसं, नावं न घेता, शिक्षकांपुढे ठेवा आणि 'यांना काय द्याल, काय टाळाल' असं विचारा. बरोबर उत्तरं साधारण अशी असायला हवीत.

हाडं ठिसूळ असलेल्या दोघी: पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं), हलासन (पाठीवर झोपून पाय डोक्यामागे नेणं), उभ्याने खाली वाकून पायाचे अंगठे धरणं, पाठीवर गोल लोळणं हे सगळं बंद. मणक्याचा पुढचा भाग कमजोर असतो आणि पाठ गोल करून वाकलं की भार नेमका तिथेच येतो. मेयो क्लिनिकचा १९८४ चा ५९ स्त्रियांवरचा अभ्यास आहे. पुढे वाकण्याचे व्यायाम केलेल्या गटात ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवे दबाव-फ्रॅक्चर किंवा मणका चेपल्याच्या खुणा दिसल्या, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्या गटात १६ टक्के. अभ्यास लहान आहे, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून त्यांना कमी उंचीचं भुजंगासन, शलभासनाचे (पोटावर झोपून पाय उचलण्याचे) सोपे प्रकार, भिंतीला धरून वृक्षासन. तोल सुधारणं हा त्यांचा खरा फायदा, कारण पडणं टळतं.

काचबिंदू: शीर्षासन, सर्वांगासन तर नकोच. शीर्षासनात डोळ्यातला दाब साधारण दुप्पट होतो. अधोमुख श्वानासनातही (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोकं खाली) तो वाढतो, आणि हे बऱ्याच शिक्षकांना माहीत नसतं, कारण ते आसन 'सोपं' मानलं जातं. सूर्यनमस्कारात तर ते प्रत्येक आवर्तनात येतं. त्या काकांना हात भिंतीवर ठेवून, डोकं हृदयाच्या वर राहील असा प्रकार द्यायचा.

गुडघे बदललेल्या काकू: वज्रासन, पद्मासन, जमिनीवर मांडी नाही. खुर्चीवर सगळं. उठण्याबसण्याचं प्रमाण त्यांच्या सर्जननी सांगितलेल्या मर्यादेत.

इन्सुलिन घेणारे: पहाटे उपाशीपोटी तासभर व्यायाम केला तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं शिक्षकांना तोंडपाठ हवीत, आणि हॉलमध्ये साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी. 'योग उपाशीपोटीच' हा नियम त्यांना जसाच्या तसा लावायचा नाही. काय खाऊन यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

रक्तदाब: श्वास कोंडणं नको, डोकं खाली नको. शवासनातून थेट उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, कुशीवर वळून चार-पाच श्वास थांबायचं, हाताच्या आधाराने बसायचं, मिनिटभराने उभं राहायचं. काही गोळ्यांमुळे उठताना दाब एकदम खाली येतो आणि चक्कर येते.

शिक्षकांनी सगळी उत्तरं दिलीच पाहिजेत असं नाही. 'मी विचारून सांगतो, तोपर्यंत त्यांना हे करू देणार नाही' हे उत्तर मी चांगलं धरेन. 'काही होत नाही, योगाने सगळं बरं होतं' असं ऐकलं की मुलाखत तिथेच संपवा.

निळी_सतरंजी
डेमोबद्दल. बहुतेक ठिकाणी डेमो म्हणजे शिक्षक स्वतः मयूरासन करून दाखवतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि निवड होते. त्यांचं शरीर किती वळतं यावरून तुमच्या काकूंना काय मिळणार ते कळत नाही. डेमोत शिक्षकांच्या डोळ्यांकडे आणि पायांकडे बघा. ते स्वतःच्या मॅटवर तासभर व्यायाम करत राहिले, तर त्यांना वर्ग दिसतच नाही. एकदा करून दाखवणं, मग उठून रांगांमधून फिरणं, मागून आणि बाजूने बघणं, असं हवं. समोर तोंड करून दाखवताना 'तुमचा उजवा हात' म्हणत स्वतःचा डावा उचलता येणं ही बारीक गोष्ट आहे, पण तयारी कळते.

डेमोसाठी पाचच आसनं सांगा आणि मुद्दाम वेगवेगळ्या शरीराची सहा माणसं बसवा.

पश्चिमोत्तानासनात ज्यांच्या मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले आहेत (लोकलमधून जाऊन दिवसभर खुर्चीत बसणारे बहुतेक जण) त्यांची कंबर मागे कलंडते आणि पाठीला पोक येतो. चांगला शिक्षक बैठकीखाली दोन-तीन इंच घडीचं घोंगडं देतो, गुडघे थोडे वाकवू देतो आणि 'कपाळ गुडघ्याला' हे ध्येयच काढून टाकतो. पाठीवर हात ठेवून दाबणारा शिक्षक नको. ताणलेला स्नायू बैठकीच्या हाडापाशी दुखावला तर महिनोन्महिने बसताना दुखते.

भुजंगासनात हातांनी रेटून वर गेलं की सगळा बाक कमरेच्या एकाच जागी पडतो, खांदे कानाला लागतात आणि मान मागे फेकली जाते. बेंबी जमिनीजवळ ठेवा, कोपरं अंगालगत घ्या, हातांवरचा भार कमी करा, उंची कमी झाली तरी चालेल, अशा सूचना ऐकू आल्या पाहिजेत.

त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवण्याच्या नादात छाती खाली वळते. ठोकळा, नसेल तर खुर्ची द्यायला हवी. वज्रासनात गुडघा दुखतो म्हटल्यावर पोटरी आणि मांडीमध्ये घडी देतात, की 'सवय होईल' म्हणतात? पाचवं शवासन: कंबरदुखीवाल्याच्या गुडघ्याखाली गुंडाळी किंवा लोड देतात का, आणि किती वेळ देतात? आठ मिनिटं तरी हवीत. वेळ संपत आली म्हणून शवासन दोन मिनिटांत उरकणाऱ्यांचं तासाचं नियोजन कच्चं असतं.

सूचनांची भाषाही ऐका. 'छाती उघडा, ऊर्जा वर न्या' याने नवख्याला काही कळत नाही. 'डाव्या टाचेवर भार द्या, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला ठेवा' याने कळतं. आणि वर्गात मराठीत बोलतील ना, तेही बघा. ७४ वर्षांच्या आजींना 'एंगेज युअर कोअर' सांगून उपयोग नाही.

मुलुंडपूर्व
खूप मदत होते आहे, धन्यवाद. एक शंका. गृहस्थ म्हणाले की कपालभाती सगळ्यांना देतात, रोज ३०० स्ट्रोक (उच्छ्वासाचे झटके), आणि रविवारी गच्चीवर जलनेती (एका नाकपुडीतून मिठाचं पाणी सोडून नाक धुणं). यावर कमिटीतले दोन जण खूश आहेत. योग्य आहे का?

सरळकणा
सगळ्यांना ३००? नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, गरोदरपण, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, स्लिप डिस्क, यांपैकी काहीही असेल तर कपालभाती नको. तुमचे सात जण इथेच बाद झाले. त्यांना कुंभक न करता (श्वास न रोखता) अनुलोम-विलोम आणि भ्रामरी.

हार्बर_लाइन
सावकाश कपालभाती रक्तदाबवाल्यांनाही चालते असं काही जण म्हणतात.

सरळकणा
एकट्याला समोर बसवून, रक्तदाब ताब्यात असताना, डॉक्टरांना विचारून, पाच-दहा हलके स्ट्रोक हा वेगळा विषय. २६ जणांच्या वर्गात मोजणी सुरू झाली की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या वेगाने मारतो. तिथे नाही म्हणजे नाही.

चाफेकळी
निरोगी नवख्यासाठी प्रमाण सांगते. योग दिनाच्या सरकारी प्रोटोकॉलमध्येही २० स्ट्रोकची तीनच आवर्तनं आहेत, मध्ये थांबून. सेकंदाला एक एवढाच वेग. झटका उच्छ्वासाचा आणि खालच्या पोटाचा, श्वास आपोआप आत येतो. खांदे उडत असतील, चेहरा आक्रसत असेल किंवा श्वास जोराने आत ओढला जात असेल, तर तिथेच थांबवायचं. हलकं डोकं होणं, बोटांना मुंग्या येणं हे 'शुद्धी होते आहे' असं सांगितलं जातं. खरं कारण असं की जास्त हवा बाहेर टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. आकडा वाढवण्यात अभिमान मानणारा शिक्षक ही खूण ओळखत नाही.

जलनेती चांगली क्रिया आहे, पण सार्वजनिक टाकीतल्या पाण्याने गच्चीवर करायची नाही. पाणी उकळून कोमट केलेलं, अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्याहून किंचित कमीच. मीठ कमी पडलं किंवा फार झालं तर नाक जळतं. तोंडाने श्वास, मान बाजूला आणि किंचित पुढे. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास टाकत नाक कोरडं करायचं. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. प्रत्येकाचं भांडं वेगळं. न उकळलेल्या पाण्यातून नाकावाटे अमिबाचा संसर्ग होऊ शकतो, तो क्वचित होतो पण जीवघेणा असतो. पहिल्या सहा महिन्यांत सोसायटीच्या वर्गात शुद्धिक्रिया ठेवूच नका. शंखप्रक्षालन आणि वमनधौती (मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करण्याच्या क्रिया) तर कधीच नको.

आंब्याची_डहाळी
एक मुद्दा राहिला आहे: स्पर्श. वर्गात बायका जास्त असतील. शिक्षक पुरुष असो वा बाई, हात लावण्याआधी विचारायलाच हवं, आणि दर वेळी. सगळ्यांसमोर 'नको' म्हणायला अवघड जातं, म्हणून सोपी पद्धत: मॅटच्या पुढच्या टोकाला रुमाल ठेवला म्हणजे मला हात लावू नका. रुमाल ठेवणाऱ्याला कारण विचारायचं नाही.
हात लावलाच तर दिशा दाखवण्यापुरता, खांद्यावर किंवा मनगटाला. बद्धकोनासनात (तळपाय जुळवून बसल्यावर) गुडघे खाली दाबणं, पाठीवर बसणं, मान वळवणं हे कुणाच्याही परवानगीने चालणार नाही. मुलाखतीत 'तुम्ही करेक्शन कसं करता' असा मोकळा प्रश्न विचारा आणि पहिलं उत्तर शब्दांचं आहे की हातांचं ते ऐका.

दोरखंड
हॉलचा हिशोब करा. हात पसरून वळायचं तर एका माणसाला साधारण ३ बाय ८, म्हणजे २४ चौरस फूट लागतात. तुमचा हॉल ५०० चौरस फूट धरू. १८ जणांना ४३२ लागले, उरलेल्यात शिक्षक आणि चपला. २६ एकत्र बसणारच नाहीत. तसंही नवख्यांचा वर्ग एका शिक्षकाला १२ ते १५ पर्यंतच नीट बघता येतो. दोन तुकड्या करा: सकाळी सव्वासहाला ऑफिसवाले, साडेआठला ज्येष्ठ, खुर्च्यांसह. दुसऱ्या तुकडीत सूक्ष्म व्यायाम जास्त (घोटे, गुडघे, मनगटं, खांदे), उभी आसनं भिंतीजवळ. खुर्ची बिनहाताची, पाय न दुमडणारी. प्लास्टिकची हलकी खुर्ची टाइल्सवर सरकते.

निळी_सतरंजी
+१. दोन तुकड्यांना दोन वेगळे शिक्षकही चालतील. ती तरुण मुलगी ऑफिसवाल्यांसाठी कदाचित योग्य असेल.

आंब्याची_डहाळी
करारात काय असावं तेही लिहून ठेवते, नंतर वाद इथेच होतात. पहिला महिना चाचणीचा. फी महिन्याची, सोसायटीमार्फत. तीन किंवा सहा महिन्यांचं आगाऊ पॅकेज नको, कारण शिक्षक पटले नाहीत तरी पैसे अडकल्यामुळे लोक गप्प बसतात. शिक्षक रजेवर असतील तर बदली कोण येणार त्याचं नाव आधी कळवायचं आणि त्या व्यक्तीनेही आरोग्याचे फॉर्म वाचलेले असले पाहिजेत. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. वर्गात तेल, चूर्ण, काढे यांची विक्री नाही.
फॉर्ममध्ये: चालू गोळ्या, गेल्या वर्षभरातल्या शस्त्रक्रिया (मोतीबिंदूसुद्धा, त्यानंतर काही आठवडे डोकं खाली करायचं नसतं), हर्निया, काचबिंदू, डोळ्याचा पडदा, मणका, फिट्स, चक्कर, गरोदरपण, घरच्यांचा फोन. फॉर्म शिक्षक आणि कमिटीतली एक व्यक्ती यांच्याकडेच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्याही आजाराची यादी टाकू नका. हॉलच्या दारावर १०८ आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर.

मुलुंडपूर्व
काल दोघांचे डेमो झाले. गृहस्थांनी २०० स्ट्रोक मोजून घेतले आणि काचबिंदूवाल्या काकांना अधोमुख श्वानासन करू दिलं. काकांनी स्वतः सांगितल्यावर 'थोडा वेळच आहे' म्हणाले. मुलीने सुरू करण्याआधी सहाही जणांपाशी बसून विचारपूस केली, काकूंसाठी खुर्ची मागवली, ठिसूळ हाडांबद्दल 'माझ्या शिक्षिकांना विचारून सांगते' म्हणाली आणि संध्याकाळी काय टाळायचं त्याचा लेखी निरोप आला. सकाळची तुकडी तिला द्यायचं ठरतं आहे. ज्येष्ठांसाठी ठाण्याला चौकशी सुरू केली आहे.
शेवटचा प्रश्न: मॅट कोणत्या घ्याव्यात? पावसाळ्यात हॉलच्या टाइल्स ओल्या-ओल्या होतात.

दोरखंड
फोमची जाड १० मिलिमीटरची मऊ मॅट घेऊ नका. एका पायावर उभं राहिलं की घोटा डुगडुगतो. ४ ते ६ मिलिमीटर, खालून न सरकणारी, रबर किंवा टीपीई (रबरासारखं प्लास्टिक). सहा फुटांपेक्षा उंच कुणी असेल तर लांब मॅट वेगळी मागवा. नुसती सुती सतरंजी टाइल्सवर घसरते; हवीच असेल तर मॅटच्या वर घाला, घाम टिपते. वर्गाआधी लादी कोरड्या फडक्याने पुसून पंखा दहा मिनिटं चालू ठेवा. मॅट गुंडाळून हॉलच्या कपाटात ठेवल्या तर जुलैत बुरशी धरते, त्यामुळे ज्याने त्याने घरी न्यावी, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी.

सरळकणा
ज्येष्ठांच्या तुकडीला मॅट फक्त झोपून करायच्या भागासाठी. खुर्चीचे चारही पाय मॅटवर किंवा चारही लादीवर, दोन इकडे दोन तिकडे नकोत. आणि मॅटच्या वळलेल्या कडेत पाय अडकतो, ती बाजू भिंतीकडे ठेवा.